मोकळं कपाळ

आम्ही ख्रिस्ती बायका कुंकू लावत नाही. एवढीशी गोष्ट, पण कोल्हापुरात माझं निम्मं आयुष्य ती सांगण्यात गेलं. आमची नावं-आडनावं शेजारपाजाऱ्यांसारखीच, बोलणं अस्सल इथलं, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. मग समोरच्या बाईची नजर कपाळावर जाते आणि तिथंच अडकते. एसटीत शेजारी बसलेली बाई आधी बांगड्या बघायची, मग कपाळ, मग परत बांगड्या. तिनं विचारायच्या आधीच मी सांगून टाकायचे, "नवरा आहे माझा, धडधाकट आहे. आम्ही ख्रिस्ती."

नव्वदच्या दशकात माझं लग्न झालं. मिस्टर फाउंड्रीत कामाला होते. सासर मूळचं आजऱ्याकडचं, तिथल्या भावकीत आमच्यासह दोन-तीनच घरं ख्रिस्ती, बाकीची नाहीत. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, विधवा. त्या चर्चला कधी चुकायच्या नाहीत, पण गावी निघालो की स्टँडवरच माझ्या हातात टिकलीचं पाकीट कोंबायच्या.

"लाव गं एवढी. दोन दिसांचा तर प्रश्न हाय."

"आत्याबाई, रविवारी चर्चमध्ये उभं राहून माझा विश्वास आहे म्हणायचं आणि सोमवारी एसटीत बसल्यावर तो गिळून टाकायचा होय? मला नाही जमायचं."

"लई शानी," म्हणून त्या खिडकीकडं तोंड करून बसायच्या. मिस्टरांना या भांडणाची भारी मजा वाटायची. गाडी गडहिंग्लजला पोहोचेपर्यंत ते दोघींना आलटून पालटून चिडवत राहायचे.

लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील, मिस्टरांच्या किडन्या गेल्या. सरकारी दवाखान्यात आमचा मुक्काम पडला. ते अंथरुणावर, मी खाली चटईवर, आत्याबाई घर आणि दवाखाना असे हेलपाटे घालत. वॉर्डातल्या बायका चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. भाकरी द्यायच्या, पाणी आणून द्यायच्या. पण माझं कपाळ काही त्यांना सहन होईना. एक दिवस पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटची बायको कुंकवाची डबी घेऊनच आली.

"नवरा असा पडलाय आणि कपाळ पांढरंफटक? आगं, आपल्या हातानं त्याला कशाला ढकलतीस?"

तिच्या मागं आत्याबाई उभ्या होत्या. डबी त्यांनीच मागितली होती, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. "टिकलीभर लावलंस तर काय येशू उठून जातोय?" त्या म्हणाल्या. आपलं लेकरू वाचावं म्हणून ती बाई कशालाही हात घालायला तयार होती. मला ते कळत होतं. तरी माझं टाळकं सरकलं.

"मी ख्रिस्ती आहे," मी मुद्दाम अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्यांचा जीव देवाच्या हातात आहे, माझ्या कपाळावर नाही." आणि खाटेच्या कडेला गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना केली. तोवर मनातल्या मनात करत होते. डोळे उघडले तर मिस्टर मिस्किलपणे माझ्याकडं बघत होते. "आमेन," म्हणाले, "आता जरा पाणी दे."

मला काही देवदूत दिसत नव्हते. रात्री दहादा उठून ह्यांचा श्वास चालतोय का बघायचे. पण आशा सोडायला मी तयार नव्हते, आणि ती डबीतून उसनी आणायलाही.

मिस्टर गेले. पावसाळा सरता सरता, सकाळी.

मी देवावर चिडले होते. आजही कधीकधी चिडते. पण ते माझं आणि त्याचं भांडण आहे, त्यात तिसऱ्यानं पडायचं कारण नाही. गावाकडनं भावकीतल्या बायका आल्या त्या मात्र मध्ये पडायलाच आल्या. "बोडक्या कपाळानंच खाल्लं त्याला," एक जण माझ्या समोर बसून म्हणाली. दुसरीनं माझा हात ओढला. पुसायला कुंकू नव्हतं, मग निदान बांगड्या तरी फोडायच्या होत्या. मिस्टर अजून घरातच होते, पेटीत. मी हात ओढून घेतला, तिनं परत धरला.

"सोड तिचा हात."

आत्याबाई पेटीपाशी बसल्या होत्या, त्या उठून मधे येऊन उभ्या राहिल्या.

"माझा मालक गेला तवा तुमीच माझ्या फोडल्या. मी येशूचं नाव घेणारी, पर गाव काय म्हणंल म्हणून गप बसले. आता बसायची न्हाय. माझं लेकरू मातीत जातंय, पर तितंच ऱ्हाणार न्हाय. देव उठवणार हाय त्येला. मी ख्रिस्ती हाय, आन् मी हे मानते. पटत नसंल त्येनं उंबऱ्याभायेर जावं."

घर बायकांनी गच्च भरलं होतं, दारात अख्खी गल्ली उभी होती. कुणी उंबरा ओलांडला नाही. जिनं माझा हात धरला होता तिनं तो सोडला.

सकाळपासून मी रडले नव्हते. आत्याबाईंचं ते बोलणं ऐकलं आणि भोकाड पसरून रडले. मग त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि आम्ही दोघी पेटीच्या मागोमाग कबरस्तानाकडं चालू लागलो.