टँकरची बादली

पाण्याच्या टँकरचा भोंगा ऐकला की नालासोपाऱ्यातला आमच्या बिल्डिंगचा गणपतीचा मांडव आठवतो, ओल्या ताडपत्रीच्या वासासकट. एका वर्षी तिथे कार्यक्रमाला आलेल्या संमोहनवाल्याने आम्हा चौघा-पाच जणांना स्टेजवर घेतलं आणि म्हणाला, “डोळे मिटा, हात पुढे करा. हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली आहे.” बाकीच्यांचे हात धोंडा बांधल्यासारखे खाली गेले, माझा मात्र रेल्वेच्या सिग्नलसारखा ताठ. मी गरजलो, “मला झोपवणारा अख्ख्या वसई तालुक्यात जन्मला नाही.” टाळ्या पडणार, तोच पहिल्या रांगेतून बायको शांतपणे म्हणाली, “अहो, टँकरची बादली कधी उचललीय तुम्ही, म्हणून जड लागेल?” चार मजले पाणी रोज तीच चढवायची. सगळा मांडव हसला, ती हसली नाही. आता ती बादली नुसती मनात आणली तरी हात खाली जातो, आणि हाताच्या आधी मान.