फळ धरल्याशिवाय नाव नाही

किस्से साचतात कसे, ते हौदाला विचारावं. आज घासून लख्ख करा, चार दिवसांनी काठाला बोट लावलं की पुन्हा बुळबुळीत. कोणी आणून टाकत नाही, कोणी पेरत नाही. पाणी आणि उजेड मिळाला की झालं! आमच्या लॅबमध्ये दोन्ही भरपूर. शिवाय आम्ही सगळे दिवसभर एक डोळा मायक्रोस्कोपला लावून गप्प बसणारे, त्यामुळे चहाच्या वेळी तोंडं सुटतात. मी चहाच्या वेळीही गप्पच असते. म्हणून सगळे किस्से माझ्याकडे जमा होतात. त्यातले निम्मे माझ्यावरचेच आहेत, हे जरा उशिरा लक्षात आलं.

काम सांगायला सोपं आहे. नागपूरच्या आसपासच्या तळ्यांतलं, विहिरींतलं, धानाच्या बांध्यांतलं हिरवं शेवाळ आणायचं, त्याची जात ओळखायची आणि नाव द्यायचं. आमचे गाइड सर म्हणतात, "जग फुकट नावं ठेवतं. आपल्याला त्याची स्कॉलरशिप मिळते!"

*

माझ्या लग्नात मध्यस्थ होते सावनेरचे एक मामा. आमच्याकडे बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया. तर मामांनी मुलाकडे जाऊन सांगितलं, "पोरगी एमेस्सी झाली, आता शेवायावर पीएचडी करून राहिली."

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ऐकलं 'शेवयांवर'.

मिलमधून रिटायर झालेले सासरे, आमचे मामंजी, खूश, की सून डॉक्टर होणार. पोरीचं शिक्षण मध्येच सोडायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. आत्याबाई त्याहून खूश! लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हात अंगणात खाट पडली, खाटेवर धुतलेलं लुगडं, आणि माझ्यापुढे मळलेल्या पिठाचा गोळा. गल्लीतल्या बाया बघायला गोल करून बसलेल्या. माझ्या काही शेवया सुतळीएवढ्या झाल्या, काही बोटाएवढ्या. आत्याबाईंनी एक उचलून उन्हात धरली.

"काय वं, कॉलेजात अशाच शिकवतात?"

मग मी हळूच सांगितलं, शेवया नाही, शेवाळ. पाण्यावरचं. हिरवं.

"म्हणजे आपल्या मोरीतलं?"

"हो."

"मंग त्याच्यासाठी कॉलेजात काहून जा लागते? मोरी तं घरीच आहे!"

*

आता माझं दुखणं सांगते. सावनेरच्या वाटेवरच्या एका डबक्यातून मी एक शेवाळ आणलं होतं. नाव स्पायरोगायरा. केसासारखा धागा, आणि त्याच्या आत गोल जिन्यासारखी चढत जाणारी हिरवी फीत. दिसायला देखणा! पण या स्पायरोगायराच्या जाती ढीगभर, आणि नुसत्या धाग्यावरून नेमकी जात कळत नाही. दोन धागे शेजारी शेजारी यावे लागतात, त्यांच्यात शिडीच्या पायऱ्यांसारखे पूल व्हावे लागतात, एकातलं सगळं दुसऱ्यात जावं लागतं, मग बी धरतं. सर त्याला फळ म्हणतात. त्या फळाचा आकार पाहून नाव. सरांचा कायदा एकच: "फळ धरल्याशिवाय नाव नाही."

माझ्या धाग्याला फळ धरत नव्हतं. बाटलीवर मी 'स्पायरोगायरा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. सर एप्रिलमध्ये रिटायर होणार. त्यांच्यामागे डिपार्टमेंटमध्ये शेवाळ ओळखणारं कोणी नाही. आणि प्रश्नचिन्ह असलेल्या थीसिसवर सर सही करणार नाहीत. म्हणजे एप्रिलच्या आत फळ धरलं तर मी डॉक्टर, नाहीतर आहेच मोरी.

"फार लाडात ठेवलंय तुम्ही त्याला," सर म्हणाले. "उन्हात ठेवा. उपाशी ठेवा. सुखात असलं की हे लग्न करत नाही!"

मी मान खाली घातली. नवी नवरी दुसरं काय करणार?

सर रोज सकाळी विचारायचे, "काय, काही विशेष?" संध्याकाळी घरी आले की शेजारच्या काकू विचारायच्या, "काय वं, काही विशेष?" मी दोघांनाही एकच उत्तर द्यायची.

"अजून नाही."

*

वानखेडे माझ्यासोबतचा रिसर्च स्कॉलर. हुशार, अविवाहित, आणि बाईमाणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटणारा. एकदा आम्ही दोघं फुटाळा तलावावर सॅम्पल आणायला गेलो. तो बाटल्यांची पिशवी आणायला सायकलकडे मागे गेला आणि मी काठावर वाकून पाण्यात बघत उभी राहिले. हातात हिरवा चुडा, अंगावर हळदीचा वास गेला न गेला असा.

मागून फुटाणेवाला धावत आला. "ताई! मागं सरका! सासू जाच करते का?"

"नाही हो, मी शेवाळ बघते आहे."

"सगळ्या असंच म्हणतात!"

तेवढ्यात दोन धुणं धुणाऱ्या बायांनी माझे दंड धरले. "पाय बाई, माहेरी निघून जाय, पन असं काही करू नको." शेवाळ उपसायला आणलेली माझ्या हातातली चहाची गाळणी पाहून एक दुसरीला म्हणाली, "डोकं फिरलं गरिबाचं."

मग वानखेडे आला. सगळ्यांचा मोर्चा त्याच्याकडे. "काहून गा? शरम नाही वाटत? नवी नवरी, अन् तिले तलावावर आणून सोडली!"

वानखेडेनं समजावून सांगावं की नाही? त्याला घाम फुटला, त्यानं हात जोडले.

"चुकलं माझं. पुन्हा नाही सोडणार."

*

या वानखेडेचं शेवाळ वेगळं. डेस्मिड म्हणतात. एकच पेशी, पण मध्ये कंबर आवळलेली आणि दोन्हीकडे सारखे फुगलेले दोन भाग. त्याला एकदा एक असं डेस्मिड मिळालं, जे कुठल्याच पुस्तकात दिसेना. नवीन जात! त्याच सुमारास त्याचं लग्न जमत होतं. गडी जन्मात पहिल्यांदा मुलीशी बोलला आणि म्हणाला, "मी एका जातीला तुमचं नाव देणार आहे."

मुलगी लाजली. फूल असेल, असं तिला वाटलं. पुढच्या भेटीला यानं स्वतः काढलेलं चित्र नेलं. मुलीनं ते उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं.

"मी अशी दिसते?"

सोयरीक मोडता मोडता वाचली. पुढे सरांनी एक जुनं जर्मन पुस्तक काढून दाखवलं की ही जात आधीच कोणीतरी नोंदवून ठेवलेली आहे, नावही देऊन झालेलं आहे. वानखेडे दिवसभर जेवला नाही. आमचा लॅब अटेंडंट तुळशीराम त्याच्यापुढे चहा ठेवत म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ. शेवाय दुसऱ्याचं निघालं, पोरगी तं तुमचीच राहिली!"

*

एकदा फार मोठे पाहुणे लॅब बघायला आले. सूट, टाय, मागे चार माणसं. सरांनी आपल्या हातानं स्लाइड लावली. पाहुण्यांनी डोळा लावला, आणि बराच वेळ हलेचनात.

"वा! काय बारीक काळ्या काड्या आहेत! आणि हलतात पण!"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. स्लाइडवर सगळं हिरवं, आणि हलणारं तर काहीच नाही. सरांच्या लक्षात आलं, पाहुणे स्वतःच्याच पापण्यांचे केस बघत होते.

सर अत्यंत आदरानं म्हणाले, "ही जात आमच्याकडे सापडत नाही साहेब. आपणच सोबत आणली!"

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी मला धरलं. "नाव घे वं! नुसती मुक्यावानी बसते." मला तर उखाणा येत नव्हता. सकाळपासून मायक्रोस्कोपवर होते, डोळ्यांसमोर तेच. म्हणून टाकलं:

"थेंबभर पाण्यात हिरवी हिरवी नक्षी,
मधुकररावांचं नाव घेते, मायक्रोस्कोप आहे साक्षी!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. काकू आत्याबाईंच्या कानाशी लागल्या, पण त्यांचं कानाशी बोलणंही आमच्या अख्ख्या इंदोरा वस्तीला ऐकू जातं.

"हे मायक्रोस्कोप कोन वं? मोठे दीर का?"

*

मार्च आला. ऊन तापायला लागलं. धागा तसाच. मी सरांच्या नजरेला नजर देईना. सही राहणार, हे मनाशी धरून चालले होते. रविवार होता, मी घरीच. माझ्या धाग्याची काचेची डिश लॅबच्या खिडकीत उन्हाला ठेवलेली, आणि तिच्यावर वानखेडेची नजर.

आमच्या गल्लीत फोन एकाच घरी, काकूंकडे. काका टेलिफोन खात्यात. मी पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन अंगणातून आत चालले होते, तर काकू पदर सावरत ओरडतच आल्या.

"अवं सुमनबाई! तुह्या सुनेच्या कॉलेजातून फोन! फळ धरलं म्हणते! सर म्हणते, आता नाव ठेवा!"

आत्याबाई ज्या चपळाईनं उठल्या, ती मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. माझ्या हातातला गुंड त्यांनी हिसकावलाच.

"वजन उचलते! बस खाली! पहिलं बस!"

मला कसलं भान? "खरंच धरलं?"

"तुले नाही माहीत?"

"मला कसं कळणार? मी तर कालपासून घरीच आहे!"

आत्याबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आत्याबाईंकडे.

"मंग कोनाले समजलं?"

"वानखेडेंना. ते रोज बघतात ना."

हे दारात दाढी करत होते, गालाला साबण, हातात वस्तरा, तसेच उभे.

"वानखेडे कोन?" आत्याबाईंनी एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"मी नसले की माझं सगळं तेच सांभाळतात," मी म्हणाले. वर्षभरात मी सासरी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य, आणि तेही हे!

यांना एकदम हसू फुटलं. साबण थेट काकूंच्या पदरावर. "आई, शेवाळ! तिच्या शेवाळाले फळ धरलं! पोराचं नाही वं!"

काकू पदर पुसत घरी गेल्या. आत्याबाई तडक आत गेल्या. त्यांनी ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं.

"चाल. मले पाह्यचं आहे."

"काय?"

"ज्याच्यापायी मी आत्ता गल्लीत पेढे वाटले असते ना, ते!"

सायकलरिक्षानं आम्ही तिघं लॅबमध्ये पोचलो. सरांनी फळांची मापं घेऊन, पुस्तकांशी ताडून बाटलीवर नाव लिहिलं होतं. प्रश्नचिन्ह खोडलेलं. थीसिसच्या पहिल्या पानावर सही झालेली, शाई ओली. मला रडू येत होतं, पण सगळ्यांसमोर काय रडायचं? मी नाक पुसलं आणि आत्याबाईंसाठी स्टूल ओढलं.

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्याच फटक्यात त्यांना दिसलं. पापण्या वगैरे काही नाही.

"शिडीवानी आहे. एक बाजू भरली, एक बाजू रिकामी."

"बरोबर," सर खुलले. "भरलेली ती बायको समजा. शेजारचा तिचा नवरा. आपलं सगळं घेऊन तो तिच्या घरात गेला, म्हणून त्याचं घर रिकामं."

"घरजावई!"

"तसंच म्हणा."

आत्याबाईंनी डोळा काढला नाही. बोटानं स्लाइड चाचपत विचारलं, "आन् सासू कुठं आहे?"

"यांच्यात सासू नसते, बाई."

आत्याबाई सावकाश सरळ झाल्या. आधी सरांकडे पाहिलं, मग वानखेडेकडे, मग माझ्याकडे.

"सासू नाही, कोनाची कटकट नाही," त्या म्हणाल्या, "तरी बी इतका उशीर?"