हात लावला की बाद

शिक्षण सोडलेली दोन पोरं आणि एक कॉम्प्युटर एका खोलीत ठेवा, किस्से आपोआप तुंबतात. नाल्यात प्लास्टिक तुंबतं तसे!

खोली पालेगावची, माझा मित्र सागर याच्या घरातली. त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला होता. ऑनलाइन स्पर्धेचा नियम एकच. लॉगिन, चाली, नेट तुटलं तर परत जोडणं, सगळं प्रोग्रॅमनेच करायचं. माणसाचा हात लागला की बाद! खोलीत कॅमेरा चालू ठेवायचा. पात्र व्हायला तीन संधी. सागरच्या पप्पांनी त्याला बजावलं होतं, "नाही जमलं तर आनंदनगरला माझ्या कंपनीत हेल्पर म्हणून लागायचं."

*

पहिल्या वेळी आम्ही बदलापूरच्या आमच्या जुन्या चेस-क्लासच्या सरांना बघायला बोलावलं. चूक! प्रोग्रॅमने वजीर सोडला तसे सर उसळले. "फुकट देतोय हा गाढव!" आणि माउस धरून स्वतःच चाल खेळले.

बाद.

नंतर तपासलं, तर वजीर दिल्यावर पाच चालींत मात होती. सरांना दाखवलं. म्हणाले, "असेल. पण शिस्त म्हणून काही असतं की नाही?"

*

दुसऱ्या वेळी लाइट जाणार हे धरूनच चाललो होतो. उल्हासनगरहून इन्व्हर्टर आणला. दुकानदार म्हणाला, "साईं, आंधी-तूफान में भी चलेगा!"

लाइट गेली. इन्व्हर्टर चालला की! कॉम्प्युटर चालू, पंखा चालू. पण नेटचा डबा खाली जिन्यात, सोसायटीच्या लाइनवर, तो बंद. चेअरमनकाकांकडे धावलो. "जनरेटर फक्त लिफ्टसाठी. ठराव आहे."

लिफ्ट वर्षभर बंद होती.

*

जेवताना पप्पांनी विचारलं, "सगळं तो प्रोग्रॅमच करतो, मग तू काय करतोस?"

सागर म्हणाला, "तुमच्याकडे ऑटोमॅटिक मशीन आलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? जुनी पोरं घरी पाठवली."

आणि भात मागितला.

*

शेवटची संधी. या वेळी खोलीला बाहेरून कडी. सागर, मी आणि पप्पा गॅलरीत. डाव माझ्या मोबाइलवर. प्रोग्रॅम जिंकत होता! पप्पासुद्धा पुढे सरकले. "हा... जिंकतोय का रे?"

तेवढ्यात चाली थांबल्या. खिडकीतून पाहिलं, तर अपडेट होऊन कॉम्प्युटर स्वतःच रिस्टार्ट झाला होता.

"टेन्शन काय घेतोस? चालू झाला की प्रोग्रॅम सुरू होतोच ना!" मी म्हणालो.

सागरने खिडकीतून बोट दाखवलं. स्क्रीनवर पासवर्डची चौकट. पप्पा कंपनीच्या मेल बघायला त्याच्या कॉम्प्युटरवर बसायचे, म्हणून आदल्याच दिवशी त्याने पासवर्ड लावला होता. मलाही सांगितला नव्हता.

"जा ना, टाक!"

"हात लावला की बाद, साल्या!"

मोबाइलवर घड्याळ शून्यावर आलं. डाव गेला.

मग पप्पा उठले. कडी काढून आत गेले, खुर्चीत बसले, पासवर्ड टाकला. पहिल्याच झटक्यात उघडला.

मेल उघडता उघडता म्हणाले, "सोमवारी आठला गेटवर. बूट घालून ये."