लेकराले लागत नाही ना?

आमच्या थोरल्या जाऊबाई, भागाबाई, गेल्या त्यासुद्धा माझ्याशी चाललेलं भांडण अर्धवट टाकून. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या पोटातलं पाणी काढलं होतं. मी आमच्या गावाहून, एकोडीहून, बिनमिठाचं वरण आणि भात घेऊन गेले. बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "हे कोनं रांधलं वो इंदू? याच्यापरीस तं सलाईन बरी. उद्या आंब्याचं लोनचं आनजो, मंग जेवतो." मी म्हटलं, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, लोणचं मिळणार नाही. "मंग मीबी जेवत नाही." मीही रागानं डबा बंद केला आणि गावची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला... महिना उलटून गेला, पण त्यांना द्यायचं उत्तर अजून माझ्या तोंडातच आहे. आता कोणाला देऊ?

त्यांचं दुखणं खाजेपासून सुरू झालं. अंगावर पुरळ नाही, फोड नाही, आणि खाज मात्र अशी की बोलता बोलता बाई दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासायच्या. मी चौथी पास. घरातल्या बायकांत वर्तमानपत्र वाचणारी मी एकटीच, म्हणून स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजायची. बघताक्षणी निदान केलं, खरूज. खोबरेल तेलात गंधक घोटून बाईंना असं चोपडलं की त्या वासानं कुत्रंही आमच्या ओसरीवर यायचं बंद झालं. त्यांची लुगडी वेगळी उकळली, अंथरूण वेगळं केलं. वर्ष गेलं तरी घरात दुसऱ्या कोणालाही खरूज झाली नाही, पण माझं निदान काही हललं नाही. एवढी ठाम अक्कल मला पुढे कधीच लाभली नाही.

त्याच वर्षी बाईंची एकुलती एक लेक कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, वैशू. आणि सासूबाईंनी हुकूम सोडला, "भागा, खरजुल्या हातानं लेकराले शिवजो नोको." बाईंनी सगळ्या गल्लीची लेकरं न्हाऊ-माखू घातलेली, आणि स्वतःच्या नातीसाठी मात्र खोलीच्या दाराबाहेर पदरात हात गुंडाळून उभ्या. बाळ रडलं की त्यांचे हात पदरातल्या पदरात हलायचे. तिथून त्यांचं खरं औषधपाणी सुरू झालं. कोणी कडुनिंब सांगितला, कोणी ताक, कोणी काळं मीठ. बाई सगळं करायच्या आणि चार दिवसांत सगळं सोडायच्या. मग डोळे पिवळे दिसायला लागले. लाखांदूरकडच्या एकानं काविळीची माळ दिली. डोक्यावर घालायची, ती वाढत वाढत पायांपर्यंत उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. माळ उतरली, डोळे पिवळेच. बाईंनी ती काढून गोठ्यातल्या वगारीच्या गळ्यात घातली. "तिले तरी लागू पडू दे."

शेवटी मीच हट्ट धरला आणि त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. समजून घ्यायला कोणी शिकलेलं बरोबर पाहिजे म्हणून अर्थातच मी! डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, आणि मग शांतपणे सांगायला बसले... यकृताचा जुना आजार आहे, बरीच वर्षं आत चालला असेल, पूर्ण बरा होणार नाही, पण सांभाळता येईल. मी मान डोलवत होते. बाईंनी मध्येच विचारलं, "हे लेकराले लागते काय?"

"काय लागतं?"

"माही खाज. मी लेकराले उचललं तं तिले लागत नाही ना?"

"नाही हो. ही खरूज नाहीच. यकृतामुळे येणारी खाज आहे, ती कोणाला लागत नाही. पण तुमचं यकृत..."

"आयकलं ना इंदू? चाल." आणि बाई उठल्या! "अवो, रोग तरी पूर्न आयका!" म्हणून मी ओरडले. "तू आयक. तू शिकलेली हायेस."

परतीच्या एस.टी.त त्यांनी कंडक्टरला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, साकोलीच्या स्टँडवरच्या चहावाल्यालाही सांगितलं, "माह्यं यकृत खराब हाय बरं, खरूज नाही!" पेढे वाटावेत तसं. मी पदर तोंडावर ओढून बसले. यकृत म्हटल्यावर एकीनं दारूची शंका काढली. बाई म्हणाल्या, "पेली असती तं मजा तरी आली असती वो!"

घरी सासूबाई मानेनात. "डाक्टर काहीबी सांगते. खरूज हाय म्हून इंदूच तं म्हनत होती." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझी डॉक्टरकी त्या दिवशी चुलीत गेली. "इंदूले काय कळते?" असं मीच म्हटलं. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, भिंतीला टेकून बसल्या आणि मांडी घातली. कमलनं वैशूला ठेवलं. ठेवल्या ठेवल्या पोरगी मुतली. बाई हलल्यासुद्धा नाहीत. "मुतू दे. तुह्या गंधकापरीस बरं हाय."

त्यानंतर बाईंनी मला सात जन्मांचा वैताग दिला. खाजेच्या गोळीनं झोप येते म्हणून ती उशीखाली. तपासणीची तारीख आली की नेमकी धानाची रोवणी. पाय सुजले तरी पापड चोरून खायच्या आणि पकडलं की म्हणायच्या, "मले पाह्यजे होतं ते नागपुरात भेटलं. आता तुमच्यासाठी कायले गोया खाऊ?" मी ओरडायची, रडायची, वैशूची शपथ घालायची. त्या पाठ फिरवून बसायच्या आणि वैशू मागे बसून आपल्या चिमुकल्या नखांनी ती पाठ खाजवायची. कमलच्या सासरहून, तुमसरहून, सुटीत आली की तिचा हाच उद्योग. त्या वेळी मात्र बाई डोळे मिटून घ्यायच्या.

तेरवीपासून वैशू इथेच आहे. दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडायला बसते. ती मागे येऊन बसते, माझा पदर बाजूला करते आणि न विचारता पाठ खाजवायला लागते. आजीच्या मागे बसलं की हेच करायचं, एवढंच तिला ठाऊक. मला खाज नाही, कधीच नव्हती. परवा तसं सांगावं म्हणून तोंड उघडलं...

"जराशी खाली, माय," मी म्हटलं.