पिशवीतून रजईत

नणंदेने परदेशातून पाठवलेली झोपायची पिशवी फुलसावंगीच्या घरात कोणालाच पटली नव्हती. गळ्यापासून पायांच्या खालपर्यंत बंद, मधोमध चेन. मुलीला तीत घातलं की डोकं आणि हात तेवढे बाहेर राहत. शेजारच्या काकू पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, "काहून वं, लेकराले पोत्यात भरून राह्यली? काट्यावर नेतं का मोजाले?"

मला ती पिशवी कापसामुळे हवी होती. त्या वर्षांत कापूस घरात ठेवण्याची पाळी बहुतेकांवर येई. सरकारी खरेदी उशिरा सुरू व्हायची, व्यापारी पाडून मागायचे, आणि भाव चढेल या आशेवर लोक खोल्याच्या खोल्या भरून ठेवायचे. आमच्याकडे मधली खोली भरली होती. ढीग खिडकीच्या वर गेला होता. झोपायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आमचा पलंग त्याच खोलीत, दाराजवळ. तिथे दिवा-मेणबत्ती बंद. वीज गेली की टॉर्च. अंगाला सतत खाज सुटे, तीही चालवून घेतली होती.

भीती ढिगाची होती. साठवलेला कापूस वरून घट्ट दिसतो, पण लहान मूल त्यात शिरलं तर बाजूचा कापूस घसरून अंगावर येतो आणि आतलं ओरडणं बाहेर पोचत नाही. यवतमाळला वर्तमानपत्रात काम करताना अशी एक बातमी माझ्या टेबलावरून गेली होती. चार ओळींची होती. नोकरी सोडून गावी आल्यावर त्या ओळी रोज आठवत. पिशवीतल्या मुलीला पलंगावरून उतरून चालता येत नव्हतं, एवढाच आधार होता.

हिवाळ्याच्या मध्यात ती पिशवीसकट उभी राहून उड्या मारायला लागली आणि एकदा पलंगावरून तोंडावर पडली. ओठ फुटला. सासूबाईंनी पिशवी घडी करून ट्रंकेत टाकली.

"पाय बांधून ठेवते का कोणी लेकराचे? रजई करू तिले."

"पण मामीजी, ती उतरली तर? समोर एवढा ढीग आहे."

"उतरंल त उतरंल. तुहा नवरा काय बांधून ठेवला होता मी?"

वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य होतो, मग बाया पहिली बोंडं वेचतात. त्या पहिल्या वेच्याचा कापूस आमच्या घरी विकत नसत. देवाच्या वाती त्याच्याच व्हायच्या आणि घरातल्या लेकराचं पांघरूणही. सासूबाईंनी कित्येक दुपारी बसून त्यातली सरकी हाताने काढली आणि रुईचं गाठोडं उमरखेडला पिंजाऱ्याकडे पाठवलं. सगळी रुई भरायची, असा निरोप होता. नवऱ्याने थोडी कमी करायचं सुचवलं, तेव्हा त्या भडकल्या. "कापसाच्या घरची पोरगी अन् पातळ रजईत झोपंल? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या."

रजई एसटीच्या टपावरून आली. पलंगावर पसरली तर गादीसारखी फुगून राहिली. काकूंनी तिच्यावर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पांघरायची हाय का हिच्यावर झोपायचं?"

सुरुवात दुपारच्या झोपेपासून केली. मी रजई मुलीच्या छातीपर्यंत ओढायची, ती लाथेने खाली सारायची. आता दोन काळज्या झाल्या होत्या. ती रजईतून बाहेर पडेल ही एक, आणि आत गुदमरेल ही दुसरी. तुरी पाखडता पाखडता मी उठून दारातून डोकावत असे. सासूबाई म्हणत, "बस ना वं एका जागी. तुह्या पाह्यन्यानंच जागी होईन ते."

त्या दिवशी अंगणात आम्ही तिघी होतो, सासूबाई, काकू आणि मी. काम लांबलं. मी आत गेले तेव्हा उशी रिकामी होती. रजई पलंगभर पसरलेली, एरवी दिसायची तशीच फुगलेली. अंगणाचं दार आमच्या डोळ्यांसमोर होतं, तिथून ती गेली नव्हती. मागच्या दाराला कडी होती. मग ढिगाकडे पाहिलं. खालच्या बाजूला एक खळगा पडला होता.

मी हाक मारली की ओरडले, ते आठवत नाही. नवरा गोठ्यातून धावत आला आणि ढिगावर चढायला निघाला. सासूबाईंनी त्याचा सदरा धरून खाली ओढला. "वर चढू नोको! खाली असंल त दबून जाईन!"

मग खालून उपसायला सुरुवात झाली. मी खळग्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपत होते. काढावा तेवढा कापूस वरून घसरून येई. तंतू डोळ्यांत, नाकात जात होते. सासरे, म्हणजे मामाजी, दारातून सारखं सांगत होते, "चूप रहा सारे, आवाज येते का पाहू द्या." आम्ही थांबायचो. काही ऐकू यायचं नाही. पुन्हा उपसायचो.

दार अरुंद होतं आणि त्यात ओरडा ऐकून आलेली माणसं उभी होती. नवऱ्याने उपसलेला कापूस कवेत घेऊन पलंगावर टाकायला सुरुवात केली. मीही टाकला. तिकडे पाहायला वेळ नव्हता. पाहता पाहता पलंगावर दुसरा ढीग झाला.

"असं नाई होत," सासूबाई म्हणाल्या. "रजईत बांधून बाहीर नेऊन टाका." त्यांनी रजईचं पायाकडचं टोक धरून ओढलं. रजई हलली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला.

मुलगी तिथे होती. पायथ्याशी, गुडघे पोटाशी घेऊन, चेहरा लालबुंद, केस घामाने कपाळाला चिकटलेले. झोपेत खाली खाली सरकली होती. जाड रुईत तिचा उंचवटा कोणाला दिसला नव्हता, आणि त्यावर आम्ही स्वतःच्या हातांनी कापूस रचला होता. मी तिला उचललं तेव्हा मान एका बाजूला पडली. काकूंनी तिच्या गालावर पाणी मारलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली.

काकू सर्वांत आधी बोलल्या. "पोट्टी सोताच्या घरात झोपली अन् तुमी गाव उपसून राह्यले." कोणी हसलं नाही. त्याही पदराने डोळे पुसत होत्या.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. तिथूनच माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या गाडी सांग."

"भाव नाई ना आई आत्ता."

"भाव गेला खड्ड्यात. उद्या सांग."

संध्याकाळी मामाजींनी स्वतः जाऊन गाडीवाल्याला सांगितलं. सासूबाईंनी कंदील नको म्हणून उजेड असतानाच रजईची शिवण उसवली आणि निम्म्याहून अधिक रुई काढली. मी मुलीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

कापूस गेल्यावर काही आठवड्यांनी भाव चढला. मामाजींनी पेपर वाचला, घडी करून बाजूला ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "काय भाव देला हाय आज?"

"काई नाई, जसाच्या तसा," ते म्हणाले.

मी तो पेपर सकाळीच वाचला होता. मधल्या खोलीच्या दारात उभी राहून मी मुलीच्या छातीवरची रजई खालीवर होताना पाहत होते.