राजमहंमदचाचांनी न ओढलेला बेल्ट

वडगाव मावळच्या आसपास कुणाला जुनी छोटी गाडी घ्यायची असली, की ती आधी राजमहंमदचाचांना दाखवायची. मुलगी बघायला जाताना घरातला एखादा जाणता मामा बरोबर न्यावा, तसं चाचांना न्यायचं. चाचांची पासष्टी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर जाळीची टोपी. खिशात एक लोहचुंबक आणि एक लहानशी बॅटरी. चुंबक पत्र्यावर फिरवला की कुठं पोचा झाकायला पुटी भरलीय ते कळायचं. दाराचं रबर उचललं की कुठं ठोकाठोक झालीय ते दिसायचं. आणि सगळ्यात शेवटी चाचा पुढच्या सीटचा बेल्ट पार टोकापर्यंत ओढायचे आणि ते टोक नाकाला लावायचे.

"गाडी धुता येती, सीटा बदलता येत्यात," ते म्हणायचे, "पर बेल्टाचं आतलं टोक कोण धुतंय? पुरात बुडलेली गाडी हितं घावती."

चाळीस वर्षांत या नाकानं कुणाला फसवलं नव्हतं. पण माणूस नाकावर जगत नाही, तोंडावर जगतो, आणि चाचांचं तोंड त्यांच्या नाकापेक्षा जरा जास्तच चालायचं.

त्यांना हौस होती खानदान सांगायची. गाड्यांचं खानदान, तेही फक्त छोट्या गाड्यांचं. प्रीमियर पद्मिनी कुणाची, तर मूळची इटलीतल्या फियाटची, कुर्ल्यात नांदायला आलेली. मारुती आठशे त्र्याऐंशी साली रस्त्यावर आली, तिचं माहेर जपानातलं सुझुकी. आणि हे सुझुकीवाले आधी काय करायचे सांगा बघू? कापड विणायचे माग बनवायचे! सॅन्ट्रोवाले कोरियाचे, त्यांचा पहिला धंदा बांधकामाचा. टाटांनी नॅनो काढली ती फार पुढं; सुरुवात केली रेल्वेच्या इंजिनांपासून. "पयल्याच दिवशी गाडी कुनी केली न्हाई," असं म्हणून चाचा समेवर यायचे. "समदे आदी दुसरंच काईतरी करत व्हते. म्हून म्हणतो, खानदान बगा!" गिऱ्हाइकाचा चहा निवून जायचा, पण उठायचं कुणी नाव घेत नसे. माणूस सांगायचाच तसा.

गेल्या भाद्रपदात वडिवळ्याचे दत्तोबा चाचांच्या गॅरेजवर आले. दोघं वडगावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. दत्तोबांची बायको नंदाबाई, तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिलेला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तळेगाव गाठायचं. मुलगा संदेश एमआयडीसीत कंत्राटावर. तो आईला मोटरसायकलवर न्यायचा आणि येताना ती सुकल्या वाळकासारखी मलूल होऊन त्याच्या पाठीवर कलंडायची.

"राजभाई, आता तिला मागं बसवत न्हाई," दत्तोबा म्हणाले. "एक छोटी गाडी बगून द्या. तुमी व्हय म्हणलात की मी डोळं झाकून घेतो."

लोणावळ्यात जुन्या गाड्यांचा एक व्यापारी होता, पप्पू नावाचा. त्याच्या आवारात एक लालचुटूक छोटी गाडी उभी होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, त्या बिचारीचा यात काडीचा दोष नव्हता. चाचांनी बोनेट उघडलं, चुंबक फिरवला, रबर उचललं. सगळं ठीक. मग ते ड्रायव्हरच्या दाराशी आले, आणि तेवढ्यात पप्पूनं मोबाइल वर धरला.

"उस्ताद, तुमच्यासारखं छोट्या गाड्यांचं ज्ञान अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणाला नाही. दोन शब्द बोला ना, व्हिडिओ टाकतो."

झालं! चाचा चढले हरभऱ्याच्या झाडावर. लाल गाडीच्या दारावर हात टेकून त्यांनी इटली घेतली, जपान घेतलं, कोरिया घेतला. पर्यटक थांबून ऐकायला लागले. दत्तोबा अभिमानानं शेजारच्याला सांगत होते, "आमच्या बाकावरचा हाय." वीस मिनिटांनी टाळ्या पडल्या, चहा आला, चिक्कीचं पाकीट हातात आलं. दत्तोबांनी विचारलं, "मग राजभाई, व्हय म्हणू?"

चाचा म्हणाले, "व्हय म्हणा की."

बेल्ट तिथंच होता, कोपरापासून वीतभर अंतरावर. तो ओढायचा राहून गेला.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले. खंडेनवमीला संदेशनं गाडी धरणाकाठी नेऊन धुतली, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. नंदाबाई पुढच्या सीटवर बसून तळेगावला जाऊ लागल्या. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की काच खाली करून हात करायच्या.

दिवाळी सरली आणि एका दुपारी, तळेगावहून परतताना, गाडी कामशेतच्या अलीकडं हायवेवर जी बंद पडली ती हलेचना. दिवे नाहीत, हॉर्न नाही. नंदाबाईंना उन्हात दोन तास गाडीतच बसावं लागलं. त्यांना चक्कर आली, उलटी झाली. शेवटी टेम्पोनं गाडी ओढत वडिवळ्याला आणली आणि दत्तोबांनी चाचांना बोलावलं.

चाचांनी पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला. वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता. त्याखाली पत्र्याच्या खोबणीत माती सुकून पापुद्रा धरलेली, काळीभोर, पिठासारखी बारीक. वडिवळ्याची माती तांबूस. ही कुठल्यातरी लांबच्या नदीची होती, आणि वर्षा-दोन वर्षांची जुनी होती. चाचांनी हळूच बेल्ट ओढला, टोकापर्यंत. नाकाला लावायचीही गरज नव्हती. टोकावर त्याच काळ्या गाळाची रेघ होती.

अंगणात दत्तोबा उभे, ओसरीवर गोधडी पांघरून नंदाबाई, बाजूला संदेश, आणि गावातली पाचसात माणसं. सगळे त्यांच्याच तोंडाकडं बघत होते. चाचांनी बेल्ट सोडला आणि तो सर्रकन आत गेला.

"पानी गेलंय आत," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. खोटं एक अक्षर नव्हतं, आणि त्याच्याइतकं खोटं ते जन्मात बोलले नव्हते.

दत्तोबा गर्रकन मुलाकडं वळले. "खंडेनवमीला धरणाकाठी तूच नेलीवतीस न्हवं? पान्यात घातलीस? आई मरायला टेकली व्हती हायवेवर! गाढवा!"

संदेशनं तोंड उघडलं. चाचांकडं बघितलं. मग तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

तेव्हा बोलायला हवं होतं. चाचांना ते ठाऊक होतं, अगदी त्याच क्षणी ठाऊक होतं. पण पाचसात माणसं उभी होती, आणि त्यांतला एक जण आदल्याच आठवड्यात चाचांचा व्हिडिओ दाखवत फिरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चाचांनी मूठ झाकली आणि मूग गिळून हत्यारं गोळा केली. "ही गाडी आता पेशंटासाटी वापरू नगा," एवढं मात्र बजावून ते निघाले.

गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गेली. दत्तोबांनी किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली आणि मुलाशी बोलणं टाकलं.

चाचांची भूक गेली. गॅरेजात कुणी कौतुकानं तो व्हिडिओ लावला की त्यांना त्यात स्वतःचं तोंड दिसायचंच नाही, कोपरामागं लोंबणारा बेल्ट दिसायचा. वीस मिनिटं तो तिथं लोंबत होता आणि हा शहाणा जपानच्या मागांबद्दल बोलत होता. लाज अशी की नमाजाला उभं राहिलं तरी शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावायला कचरायचे.

माघ लागला. एका सकाळी तहसील कचेरीच्या वळणावर त्यांना मोटरसायकल दिसली. पुढं संदेश, मागं नंदाबाई. त्या पडू नयेत म्हणून एका जुन्या लुगड्यानं त्यांना मुलाच्या कमरेशी बांधलेलं होतं, पाठुंगळी लेकरू बांधतात तसं. नंदाबाईंचे डोळे मिटलेले होते. संदेशनं चाचांना बघून गाडी हळू केली.

"सलाम, चाचा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चाचा तडक घरी आले आणि बायकोसमोर, नुसरतचाचींसमोर, सगळं ओकले. चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तीन महिने ते पोर तुमचं ओझं वाहतंय?"

"माज्या शब्दाला गावात किंमत हाय, नुसरत. ती जाईल."

"जाऊ दे. ज्या तोंडानं गाड्यांची खानदानं सांगितलीत, त्याच तोंडानं हेही सांगा. आणि उद्याच जा. जुम्मा आहे."

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून चाचा वडिवळ्याला गेले. संदेशची सुट्टी होती, तो गोठ्यात शेण भरत होता. दत्तोबा ओसरीवर बसले होते, नंदाबाई भिंतीला टेकून. चाचांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ जाऊन त्यांनी ताडपत्री ओढली, दार उघडलं, बेल्ट टोकापर्यंत बाहेर काढला आणि हाक मारली, "दत्तोबा, हिकडं या. वास घ्या."

दत्तोबांनी वास घेतला. नाक आखडलं.

"ही काळी माती हितली न्हाई," चाचा म्हणाले. "गाडी तुमी घ्यायच्या आदीच पुरात बुडालेली व्हती. त्या दिवशी मी बेल्ट ओडलाच न्हाई. व्हिडिओत बोलत बसलो. आन मागं तुमी बोलावलं तवा मला कळलं, तरी मी गप बसलो. संदेशचा काई दोष न्हाई. समदा माजा हाय."

चाचांना वाटलं, आता दत्तोबा शिव्या घालतील, आणि घालाव्यात असंही वाटलं. पण दत्तोबा मुलाकडं बघत होते.

संदेश शेणाची पाटी खाली ठेवून पुढं आला. "चाचा," तो सावकाश म्हणाला, "मी गाडी पान्यात घातलीच नव्हती. काठावर लावलीवती. दोन बादल्यांत फडकं बुडवून भायेरनं पुसली."

"आरं मग त्या दिवशी बोलला का न्हाईस?" दत्तोबा ओरडले, पण आवाज मध्येच फुटला.

"बोलनार व्हतो. पर चाचा म्हणले पानी गेलंय, आन चाचा कदी चुकत न्हाईत. मला वाटलं, मलाच नीट आटवत न्हाई. घातली असंल मीच पान्यात." त्यानं शेणाचे हात विजारीला पुसले. "तीन म्हैनं मी तोच दिवस आटवतोय. रोज वाटायचं, आता आटवंल, चाक कुटं भिजलं ते."

नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. चाचांच्या हातात बेल्टचं टोक तसंच होतं, सोडायचंही सुचलं नाही.

"तवाच का न्हाई सांगितलं, चाचा?" संदेशनं विचारलं.

इटली, जपान, कोरिया, सगळं सांगणारं ते तोंड कोरडं पडलं होतं. "लाज वाटली रं," चाचा म्हणाले.

संदेशनं मान डोलावली. "मलाबी वाटत व्हती," तो म्हणाला. "तुमचीच व्हती ती, मला म्हाईत नव्हतं."