खोट्या खुणांची गाडी

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दाराआडून दोन भावांचं भांडण ऐकलं होतं. भाऊ भाऊ घरावरून भांडतात, जागेवरून भांडतात. हे दोघे मोटारसायकलच्या मागच्या चाकावरून भांडत होते.

"गाडी कुठे आपटलीस ते सांग," थोरला म्हणाला. तो मेकॅनिक, घराखालीच त्याचं गॅरेज.

"कुठे नाही. खड्ड्यातून गेली असेल," धाकटा, म्हणजे तिचा नवरा.

"खड्डा काय चाक धरणारं एकाच बाजूचं लोखंड वाकवतो? मी तापवून सरळ केलंय, पण उजवी बाजू जराशी आखूड पडली ती पडलीच. आता चाक बसवताना लोखंडावर कोरलेल्या त्या खुणांवर जायचं नाही. दोरी लावूनच बसवायचं."

"मग कंपनीने खुणा काय शोभेला दिल्यात?"

"लोखंड सरळ होतं तोवर खुणा खऱ्या होत्या."

"म्हणजे मी खोटा."

"ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?"

तेवढ्यात इकडे दूध उतू जायला लागलं. नव्या सुनेला भावांच्या चाकापेक्षा दूध मोठं. ती तिकडे धावली आणि भांडण विसरून गेली.

भाऊ मात्र विसरले नाहीत. तिच्या नवऱ्याने वेगळं बिऱ्हाड केलं. पुढे कित्येक वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. पण चेन सैल झाली की धाकटा गाडी गॅरेजच्या दारात उभी करून मान खाली घालून निघून जायचा. थोरला तिचं काम करून, पुसून, परत दारात लावायचा. अबोला माणसांचा होता, गाडीचा नव्हता.

पुढे धाकटा गेला. गाडी तिच्याकडे आली. ती इस्पितळातली नर्स, नोकरी नुकती संपलेली. घरात बसून भिंती किती मोजणार? गाडी शिकली, पिशवी खांद्याला लावली आणि घरोघरी साखरेच्या आजाराची इंजेक्शनं द्यायला, जखमा बांधायला निघाली. लोक आधी हसले, मग घड्याळ लावू लागले. तिला सगळे सुईबाई म्हणत. तिची सकाळची सात घरं ठरलेली. सुई न्याहारीच्या आधी टोचायची असते, म्हणून सातही घरांत न्याहारीवर झाकण ठेवून तिची वाट पाहत. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात माणसं उपाशी बसलेली, हे तिला गाडीवर बसताना रोज आठवायचं.

सातवं घर थोरल्याचं. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली, गॅरेजला कुलूप लागलं. खाट खिडकीशी ओढून दिली होती. डावा हात तेवढा चाले.

या वर्षी गाडीची चेन पार झिजली. तिने ती मोठ्या रस्त्यावरच्या नव्या गॅरेजात दिली. तिथे चकचकीत फरशी, भिंतीवर पान्यांची रांग. नवा चेनसेट बसला. दुसऱ्या दिवसापासून मागून कटकट आवाज सुरू झाला आणि वळणावर गाडीचं शेपूट वेगळीकडेच जाऊ लागलं.

ती परत गेली. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं. "मावशी, दोन्हीकडे तिसरी खूण. बघा ना, एकदम बरोबर."

"मग वाजतं काय?"

"नवीन आहे, वाजणारच. जरा रुळू द्या."

"नवी सून रुळते रे बाबा. चेन रुळते होय?"

तो हसला आणि चेन थोडी ताणून दिली. आवाज दोन दिवस दबला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मावशी, या वयात कान जरा जास्तच ऐकतात." पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच दिवसांत थोरल्याने नवं काढलं. तिची गाडी दारात आली की डाव्या हाताने खाटेची कड थाड थाड बडवायची. तोंडातून नुसता घोगरा आवाज.

"सुईचा राग येतो गं त्यांना," जाऊबाई म्हणाल्या. "आयुष्यभर लोखंड ठोकलं, आता खाट ठोकतायत."

"भावजी, मुंगी चावल्याएवढं टोचतं," ती म्हणायची आणि त्याचा हात दाबून धरायची. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला वाईट वाटायचं, पण सुई चुकवून चालत नव्हतं.

मग एका सकाळी चौथ्या घराच्या पुढच्या वळणावर चेन उतरून चाकात अडकली. चाक जागीच थांबलं आणि ती रस्त्यावर आडवी झाली. कोपर सोललं. आधी पिशवी चाचपली, औषध शाबूत होतं. गाडी कडेला लावून ती लंगडत निघाली. पाचव्या घरी पोचायला तास गेला. तिथले निवृत्त मास्तर भुकेने घामाघूम होऊन खुर्चीत कलंडले होते. त्यांच्या मुलीने ताटलीवरचं झाकण काढलंच होतं.

"बाई, तुमचा दोष नाही म्हणा," मुलगी म्हणाली, "पण उद्यापासून आम्ही दुसरं कोणी बघतो."

तिने मान हलवली. एक घर गेलं की बाकीची ऐकणार. सात उपाशी माणसांचा भरवसा एका खडखडत्या चेनवर टांगलेला, आणि ती चेन तिच्या हातात नाही.

सातव्या घरी ती पायी पोचली, तेव्हा थोरला शांत पडून होता. सुई टोचली, तरी हात आपटला नाही. ती कापूस धरून तशीच उभी राहिली. सुई तर तीच होती. आज नव्हती ती गाडी.

आणि तीस वर्षांपूर्वीचं उतू गेलेलं दूध तिला आठवलं.

"भावजी," ती हळू म्हणाली, "दोरी?"

त्याचे डोळे दाराकडे गेले. दारामागे खिळ्याला सुताच्या दोरीचं वेटोळं लटकत होतं.

"अगं बाई," जाऊबाई म्हणाल्या, "मी तर तिच्यावर फडकी वाळत घालते."

दुपारी गाडी ढकलत आणून खिडकीखाली उभी केली. चेन परत चढवली. जाऊबाईंनी मागच्या चाकाला दोरी वेढून दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणून धरली. पुढच्या टायरपाशी एका बाजूला बोटभर फट, दुसऱ्या बाजूला दोरी टायरला घासत होती. थोरल्याने खिडकीतून डावं बोट हलवलं, तसं ती मागचं चाक सरकवत गेली. थोडं इकडे. अजून. बस. दोन्हीकडची फट सारखी झाली तेव्हा उजवी खूण तिसरी होती, डावी दुसरीच्याही अलीकडे. नट आवळताना तिचं सोललेलं कोपर ठणकत होतं. एवढे दिवस तो माणूस ओरडून सांगत होता, आणि तिने त्याचा हात दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी निघाली. मागून आवाज नव्हता. पाचव्या घराचं दार बंद होतं. ती तिथे क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

सातव्या घरी इंजिन बंद केलं. खाट वाजली नाही. ती चपला न काढताच आत गेली. थोरला जागा होता. तिला पाहून त्याने डाव्या हाताने उजवी बाही आपणच वर सरकवली.

तिने सुई भरली, टोचली, कापूस दाबला.

"झालं, भावजी," ती म्हणाली, आणि जाऊबाईंनी ताटलीवरचं झाकण काढलं.